स्मृतिभ्रंशाचे निदान तालुक्याच्या दवाखान्यातच होऊ शकते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अनेक वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करीत आहे. वयस्क माणसांमधला स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, आपल्या भागात फार उशिरा ओळखला जातो. त्याला डॉक्टरांचा तुटवडा जेवढा कारणीभूत आहे, तेवढीच आपल्यात रुजलेली एक समजूतही कारणीभूत आहे. ती समजूत अशी, की हे निदान मोठ्या शहरातला मेंदूविकारतज्ज्ञ एमआरआय पाहून करतो. प्रत्यक्षात हे निदान मुख्यतः रुग्णाला रोज पाहणाऱ्या माणसाकडून शांतपणे घेतलेल्या हकिकतीवर उभे असते. ती हकिकत सांगणारी माणसे गावात आहेत आणि ती घेऊ शकणारा डॉक्टर तालुक्यात आहे. तरीही रुग्णाला पुण्याला किंवा हैदराबादला कधी न्यायचे यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा चालते, बहुतेक वेळा त्याला नेले जातच नाही, आणि ‘वय झालंय, चालायचंच’ एवढ्यावर विषय मिटतो.

देशपातळीवरील ‘लासी-डॅड’ या अभ्यासाचे जे अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांमध्ये, ग्रामीण भागात आणि शाळेत न गेलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. मराठवाड्याच्या खेड्यातली सत्तरी ओलांडलेली बाई या तिन्ही गटांत मोडते, आणि स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी सर्वांत कमी चढते तीही तीच. गावात साठीपुढचे तीनशे लोक धरले, तर या हिशेबाने वीस-बावीस घरांत हा आजार असायला हवा. त्यांतली किती घरे आपल्यापैकी कोणा डॉक्टरच्या कागदावर आहेत, हे माझ्या व्यवसायबंधूंनी स्वतःशी तपासून पाहावे.

घरचे लोक पहिल्यांदा येतात तेव्हा हातात बहुधा एमआरआयचे मोठे पाकीट असते. रिपोर्टच्या तळाशी मेंदूत वयोमानानुसार आकसल्याचे बदल आहेत, अशा अर्थाचे एक वाक्य असते. काही घरे त्याने हादरून जातात, तर काही निश्चिंत होऊन परत फिरतात. दोन्ही गोष्टींना आधार नाही, कारण असे बदल उत्तम चालत्याबोलत्या ज्येष्ठांच्या मेंदूतही दिसतात, आणि उलट आजाराच्या सुरुवातीला चित्र जवळजवळ सामान्यही असू शकते. मेंदूचे चित्र काढायचे ते मुख्यतः दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी. साचलेले रक्त, ट्यूमर, जुना पक्षाघात, मेंदूतील पोकळ्यांत साठलेले पाणी या गोष्टी त्यात कळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींसाठी साधा सीटी स्कॅनही पुरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. तीसुद्धा ज्यांच्यात लक्षणे आधीच दिसू लागली आहेत अशा ५५ वर्षांपुढील रुग्णांसाठी आहे. म्हणजे उद्या ही चाचणी आपल्या गावात आली, तरी लक्षणे आहेत की नाहीत हे आधी कोणीतरी विचारून घ्यावेच लागणार आहे.

हे विचारणे कुठे अडते ते सांगतो. समोरच्या खुर्चीवर आजी बसलेली असते, शेजारी मुलगा, आणि दाराजवळ पदर सावरत सून उभी असते. त्रास काय म्हणून विचारले की मुलगा सांगतो, ‘काही नाही डॉक्टरसाहेब, जरा विसरती, बाकी खाती-पिती चांगली.’ आजी हसून म्हणते, ‘मला काय झालंय? पोरांनीच आणलंय उगं.’ ती पाहुण्यांची चौकशी करते, पाऊसपाण्याचे बोलते, आणि पाच मिनिटांच्या भेटीत कोणालाही ती ठणठणीत वाटावी इतके सगळे रीतसर चाललेले असते. मग मुलाला आजीसोबत बाहेर बसवून सुनेला खुर्चीवर बसायला सांगावे लागते. सुरुवातीला ती बोलत नाही, कारण सासूची तक्रार केल्यासारखे होईल याची तिला भीती असते. एकदा बोलू लागली की दोन वर्षांचा इतिहास बाहेर येतो. वरणात मीठ दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. दूध चुलीवर ठेवून आत्याबाई अंगणात जाऊन बसतात. दहा माणसांचा पुरणाचा स्वयंपाक एकटीने उरकणाऱ्या बाईला यंदा पोळ्याला डाळ किती घ्यावी ते सुचेना. ‘माझी बोरमाळ तूच माहेरी नेलीस’ म्हणून चार दिवस भांडण झाले आणि बोरमाळ पिठाच्या डब्यात सापडली. दुपारी जेवण झाल्यावर तासाभरात ‘मला कोणी जेवायला वाढलं नाही’ असे शेजारी जाऊन सांगतात, त्यामुळे गावात सुनेचे नाव खराब झाले आहे. अशी हकिकत मी थोड्याफार फरकाने कितीतरी घरांतून ऐकली आहे. ती ऐकताना निदान अर्ध्याहून अधिक झालेले असते, आणि ती सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा दाराजवळ उभी असलेली असते.

या हकिकतीतून डॉक्टरला दोन गोष्टींची खात्री करायची असते. माणूस त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या पातळीवरून खाली आला आहे का, आणि त्या घसरणीमुळे रोजचे व्यवहार त्याला आता दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमेनासे झाले आहेत का? शेजाऱ्याचे नाव ऐनवेळी न आठवणे आणि मागाहून आठवणे हे वयाचे आहे. काल लेक येऊन जेवून गेली, ही घटनाच मुळात आठवणीत नसणे हे वयाचे नाही. विसर पडू लागला आहे पण व्यवहार अजून सगळे स्वतःचे स्वतः होतात, अशी मधली अवस्थाही असते. तिला स्मृतिभ्रंश म्हणू नये, पण सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे. लहानपणी पाठ केलेले अभंग खडान्‌खडा येतात म्हणून स्मरणशक्ती शाबूत आहे, असे घरचे लोक हमखास सांगतात. अल्झायमरमध्ये आधी नवे पुसले जाते आणि जुने पुष्कळ काळ टिकते, त्यामुळे पाठांतरावरून काहीही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे, जी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. आपल्या घरांत साठी उलटली की ‘आता तुम्ही बसून खा’ असे प्रेमाने सांगून माणसाच्या हातातली कामे काढून घेतली जातात. पैसे मुलगा पाहतो, स्वयंपाक सून पाहते, गोळ्या नातू काढून देतो. ज्याच्याकडे कामच उरलेले नाही त्याचे काम बिघडले आहे हे कळणार कसे? म्हणून मी उरलेल्या बारीक गोष्टी विचारतो. आठवडी बाजारातून सांगितलेल्या वस्तू येतात का? देवपूजेचा क्रम बरोबर असतो का? शेळ्या किती आहेत आणि त्या संध्याकाळी सगळ्या परत आल्या हे त्यांना कळते का? श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेतून काढून आणल्यावर ‘या महिन्याचे पैसे मिळालेच नाहीत’ म्हणून पुन्हा बँकेत जाऊन भांडण झाले आहे का? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी पडतो. पुष्कळ घरांत आजाराची पहिली जाहीर खूण डॉक्टरच्या आधी बँकेतल्या रोखपालाला दिसलेली असते.

बीड जिल्ह्यात आणि आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती आणखी बिकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलगा आणि सून कारखान्यावर जातात ते पाडव्याच्या आसपास परततात, आणि मधले सगळे महिने म्हातारा-म्हातारी गावात एकटे, किंवा शाळकरी नातवंडांसोबत असतात. परत आल्यावर मुलगा सांगतो, ‘आम्ही गेलो तवा चांगले होते, एकदम असं झालं.’ डॉक्टरने हे ‘एकदम’ जसेच्या तसे लिहून घेतले तर निदान चुकीच्या दिशेला जाते, कारण बदल हळूहळू झालेला असतो, फक्त तो पाहायला घरात कोणी नसते. अशा वेळी शेजारीण, किराणा दुकानदार किंवा गावातल्या आशाताई यांच्याशी घरच्यांच्या संमतीने फोनवर बोलले, तर पाच मिनिटांत काळाचा खरा अंदाज येतो. ओपीडीच्या गर्दीत हे अशक्य आहे असे म्हटले जाते. सकाळच्या गर्दीत ते खरोखरच होत नाही, पण दुपारची वेळ ठरवून बोलावले तर होते.

हकिकतीनंतर स्मरणशक्तीची चाचणी येते, आणि इथे मराठवाड्यातील ज्येष्ठांवर अन्याय होतो असे माझे स्पष्ट मत आहे. जगभर वापरली जाणारी ३० गुणांची एमएमएसई ही चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, वाक्य लिहायला आणि आकृती काढायला सांगतात. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही तिला अशी आकृती काढायला सांगून आपण तिच्या मेंदूची परीक्षा घेत नाही, तिच्या न झालेल्या शाळेची घेतो. मोका ही दुसरी चाचणी कमी शिकलेल्याला एक गुण वाढवून देते. एका गुणाने हा फरक भरून निघत नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात झालेल्या अभ्यासासाठी १९९० च्या दशकात एमएमएसईचे हिंदी रूप तयार केले गेले, तेव्हा संशोधकांनी लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायला सांगितले, आणि ‘डोळे मिटा’ हे वाचून करण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून डोळे मिटून दाखवले. विचार किती साधा आणि किती योग्य आहे! आपल्याकडे तारखेऐवजी महिना श्रावण की भादवा, पोळा झाला की व्हायचा, आज कुठल्या गावचा बाजार, असे विचारले की उत्तर खरे मिळते. शंभराची नोट देऊन पस्तीस रुपयांचा गूळ घेतला तर परत किती येतील, हा हिशेब न शिकलेली बाईही तोंडी करते, आणि तिला तो जमेनासा झाला असेल तर त्याला अर्थ आहे. अर्थात असे घरगुती प्रश्न प्रमाणित चाचणीची जागा घेऊ शकत नाहीत. गुण किती पडले तर काय समजायचे, हे आपल्याच लोकांवर तपासून ठरवायला हवे.

भाषेचेही तसेच आहे. मराठवाड्यात आजही नव्वदीच्या आसपासचे असे लोक भेटतात, की जे निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चार यत्ता शिकले. त्यांना देवनागरी नीट वाचता येत नाही म्हणून फॉर्मवर ‘निरक्षर’ असे लिहिले जाते. तांड्यावरची बंजारा आजी घरात गोरमाटी बोलते, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देते. दखनी बोलणाऱ्या ज्येष्ठांचेही तेच. जी भाषा माणूस घरात बोलतो त्या भाषेत विचारावे, आणि गरज पडल्यास घरच्या व्यक्तीला फक्त प्रश्न पोहोचवायला सांगावे, उत्तर सुचवायला नाही. आणि हे सगळे करण्याआधी कान पाहावेत. कानातला मळ काढल्यावर किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर ज्यांचा ‘विसरभोळेपणा’ निम्मा झाला अशी माणसे प्रत्येक जुन्या डॉक्टरने पाहिली असतील.

आता ज्या कारणासाठी हे निदान लांबणीवर टाकणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, त्याकडे येतो. स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या काही अवस्था उपचाराने सुधारतात. आपल्या भागात पहिला संशय बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा घ्यावा. माळकरी, शाकाहारी ज्येष्ठ पुष्कळ; दूध निघते ते डेअरीला जाते; त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या चालू असतात, आणि या दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ ठीक असेल असे मानू नये, कारण रक्त कमी न होताही मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. थायरॉईडची टीएसएच तपासणी, सोडियम, साखर, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या या त्याच दिवशी एका रक्ताच्या नमुन्यात होतात. न्हाणीत पाय घसरून पडले, खोक पडली नाही म्हणून कोणी मनावर घेतले नाही, आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त, गोंधळलेला झाला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेले असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका अधिक, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ववत होऊ शकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणे आणि विचार मंदावणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याच्या आजाराचा विचार करावा. अशी सुधारणारी प्रकरणे एकूणात थोडीच असतात, हे मला मान्य आहे. पण ती कोणाची, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

गोळ्यांची गोष्ट तर मी प्रत्येक घराला आग्रहाने सांगतो. झोपेसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली अल्प्राझोलाम, सर्दी-खाजेसाठीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, अंगदुखीसाठी रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलीन, लघवीची घाई थांबवणारी ऑक्सिब्युटिनिन, यांतली प्रत्येक गोळी वयस्क मेंदूला गोंधळात टाकू शकते, आणि दोन-तीन डॉक्टरांची औषधे एकाच वेळी चालू असलेल्या घरात यांतल्या दोन किंवा तीन एकत्र चालू असल्याचे सर्रास आढळते. यांतल्या काही गोळ्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात.

काल संध्याकाळपर्यंत नीट असलेला माणूस रात्रीतून असंबद्ध बोलू लागला, कधी सावध तर कधी गुंगीत आहे, तर तो स्मृतिभ्रंश नाही. तो डेलिरियम आहे आणि त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याची ती गोष्ट आहे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, उन्हाळ्यात अंगातले पाणी आणि सोडियम घटणे, मधुमेहाच्या गोळीने साखर एकदम उतरणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये हे विशेषकरून पाहावे. ज्याला आधीपासून स्मृतिभ्रंश आहे त्यालाच डेलिरियम लवकर होतो, हेही लक्षात ठेवावे.

उदासीनतेचा, म्हणजे नैराश्याचा, विचार आपल्या भागात तर टाळताच येत नाही. ज्या बापाने कर्जापायी मुलगा गमावला आहे, तो वर्षभराने बोलेनासा झाला, विचारले की ‘मला काय आठवत नाही’ म्हणून गप्प बसू लागला, तर आधी त्याच्या दुःखाकडे पाहावे. नैराश्यातला माणूस विसरल्याचे स्वतः सांगतो आणि उत्तराचा प्रयत्नही करीत नाही, तर अल्झायमरचा रुग्ण बहुधा विसरल्याचे नाकारतो आणि काहीतरी जुळवून सांगतो. ही खूण उपयोगी आहे, पण पक्की नाही. नैराश्यावर उपचार करून काही महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा तपासणे हाच खात्रीचा मार्ग.

स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांविषयी थोडेच लिहितो. साठ ते सत्तर टक्के रुग्णांत अल्झायमर असतो. रक्तदाब आणि मधुमेह दुर्लक्षित राहिलेल्या आपल्या भागात मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित प्रकारही पुष्कळ दिसतो, आणि वयस्क माणसात हे दोन्ही एकत्र असणे नवलाचे नाही. लेवी बॉडी या प्रकाराची माहिती मात्र प्रत्येक डॉक्टरला हवी. यात माणसाला घरात नसलेली लहान मुले, अनोळखी माणसे, जनावरे अगदी स्पष्ट दिसतात, चाल ताठ आणि मंद होते, एक दिवस बरा तर एक दिवस वाईट जातो. घरचे लोक ही बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात, यात त्यांचा दोष नाही. पण दवाखान्यात आल्यावर त्यांना सरसकट हॅलोपेरिडॉलसारखे भास दाबणारे औषध दिले, तर हे रुग्ण लाकडासारखे ताठ होऊन अंथरुणाला खिळू शकतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या नव्या औषधांसाठी २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठी २००८ मध्ये दिला आहे. प्रकार ओळखण्याचे महत्त्व असे थेट चिठ्ठीवर येऊन पोहोचते.

‘बरा होत नाही तर निदान कशाला?’ असा प्रश्न मला शिकलेली माणसेही विचारतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन या गोळ्यांचा उपयोग मर्यादित आहे आणि त्या आजार थांबवत नाहीत, हे खरे आहे. पण निदान झाले की रक्तदाब, साखर, कान, तंबाखू यांच्याकडे लक्ष जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने बदलता येण्याजोगी अशी १४ कारणे मोजली आहेत, आणि ती सगळी हटवता आली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असे म्हटले आहे. शिवाय चूल, विहीर आणि रस्ता यांपासून माणसाला जपता येते. सातबाऱ्यावर आणि बँकेच्या कागदांवर कोणी अंगठा उठवून घेण्याआधी घर सावध होते. आणि ज्या सुनेवर उपाशी ठेवल्याचा आणि चोरीचा आळ आला आहे, तिला भावकीसमोर डॉक्टरच्या तोंडून सांगितले जाते की हा आजार आहे. हे शेवटचे काम कुठल्याही गोळीने होत नाही.

सरकारी व्यवस्थेकडे याचा धागा आधीपासूनच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई आजारांचा धोका ओळखण्यासाठी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरतो का, असा प्रश्न आहे. प्रश्न असणे चांगलेच आहे. मात्र घराचा पत्ता विसरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि जो विसरतो त्यालाच विचारून उत्तर ‘नाही’ असेच येणार. हा प्रश्न घरातल्या दुसऱ्या माणसाला, ‘गेल्या वर्षापेक्षा यंदा काय बदललंय?’ अशा रूपात विचारावा, आणि ‘हो’ आले तर पुढे कोणत्या दवाखान्यात कोणत्या दिवशी पाठवायचे ते आशाताईंना ठाऊक असावे. आज फॉर्म भरला जातो आणि ‘हो’ वर खूण झाली तरी पुढे काय झाले ते मला आमच्या भागात तरी दिसलेले नाही.

तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरने स्मृतिभ्रंश ओळखावा, हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० पासून प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांसाठी जी एमएचगॅप मार्गदर्शिका दिली आहे, तीत स्मृतिभ्रंशावर स्वतंत्र प्रकरण आहे. शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या मदतीने प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना मेंदूच्या आजारांचे, त्यात स्मृतिभ्रंशाचेही, प्रशिक्षण देण्याचा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. लातूर, धाराशिव आणि नांदेड जिल्ह्यांची सीमा त्या राज्याला लागून आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी मेडिसिन आणि मानसोपचार विभागांची मिळून आठवड्यातून एक दिवस स्मृतिविकार ओपीडी जिथे नसेल तिथे सुरू करावी आणि तिचा वार गावोगावी कळेल असा जाहीर करावा. उपजिल्हा रुग्णालयांत बी-१२ आणि टीएसएच या तपासण्या नियमित व्हाव्यात. न शिकलेल्या ज्येष्ठांसाठी मराठवाडी बोलीतली, तसेच दखनी आणि गोरमाटीतली प्रमाणित चाचणी तयार करण्याचे काम अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण ते ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणूनच उभे राहिले आहे आणि त्याच्या ओपीडीत हे सगळे लोक रोज येतात.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात असा संशय आहे, त्यांनी डॉक्टरकडे येताना रुग्णासोबत राहणाऱ्या, त्याचे जेवणखाण पाहणाऱ्या व्यक्तीला बरोबर आणावे, मग ती सून असो, लेक असो की पुतण्या. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, परस्पर आणलेल्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून आणाव्यात. चष्मा आणि कानाचे यंत्र घरी विसरू नये. पहिला बदल कोणत्या सणाच्या किंवा कोणाच्या लग्नाच्या सुमारास जाणवला, एवढे आधी आठवून ठेवले तरी डॉक्टरचे निम्मे काम होते. अलीकडे पडणे झाले असेल, किंवा बदल दोन-चार दिवसांतलाच असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नये. आणि सांभाळणारी व्यक्ती स्वतःच खचत चालली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

आपला विश्वासू,
एक जनरल प्रॅक्टिशनर, जि. बीड